३००० फोटोंतून ५४: छायाचित्रांच्या पुस्तकासाठी निवड आणि क्रम

पुस्तक करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास पडतो: माझे सगळ्यात चांगले फोटो कोणते? पुस्तकासाठी हा प्रश्न फारसा कामाचा नाही. भिंतीवर टांगलेला फोटो एकटा असतो. पुस्तकातला फोटो कायम कशाच्या तरी समोर असतो आणि कशाच्या तरी नंतर येतो. स्पर्धेत बक्षीस मिळवणारा फोटो समोरच्या पानावरच्या चांगल्या फोटोला मारून टाकतो, आणि एकटा साधा वाटणारा फोटो योग्य जागी पडला की दहा पानं उचलून धरतो. म्हणून इथे निवड करायची ती समोरासमोरच्या दोन पानांची, म्हणजे जोडपानांची. पुढचं सगळं काम त्यासाठीच आहे.

उदाहरण एकच धरून चालू: सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग आणि त्यांना लागून असलेली घरं. चार-पाच वर्षांत काढलेले अंदाजे ३००० फोटो हाताशी आहेत आणि त्यातून ९६ पानांचं पुस्तक करायचं आहे.

विषयाला कुंपण घाला

‘सोलापूर’ हा पुस्तकाचा विषय होत नाही. सिद्धेश्वर तलावातलं मंदिराचं प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, कंबर तलावावरचे पक्षी, नान्नजच्या माळावरचा सूर्यास्त, संक्रांतीच्या गड्डा यात्रेतलं शोभेचं दारूकाम, परातीतली शेंगाचटणी: हे सगळं एकत्र बांधलं की कॅलेंडर होतं. फोटो कितीही देखणे असोत, वाचणारा बाराव्या पानावर चाळायला लागतो, कारण पुढच्या पानावर काय असेल याची ओढ त्याला कुठल्याच पानाने लावलेली नसते.

विषय एका वाक्यात लिहा. त्यात जागा, माणसं आणि त्यांच्यातलं नातं, तिन्ही येऊ द्या. ‘माग आणि घर यांच्यात एका भिंतीचं अंतर असलेली वस्ती’ हे वाक्य चालतं. ‘विणकरांचं जीवन’ चालत नाही, त्यात काहीही बसतं. हे वाक्य चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या वर चिकटवा आणि अडलेल्या प्रत्येक फोटोला ते लावून बघा.

खरी परीक्षा आवडत्या फोटोंपाशी होते. मकरसंक्रांतीच्या यात्रेतले पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि गर्दीवर उंच डोलणारे नंदीध्वज यांचा फोटो बहुतेक सोलापूरकरांकडे असतो आणि तो चांगलाच असतो. या पुस्तकात मात्र तो नको. मिरवणुकीचा विषय इतका मोठा आहे की दोन पानं दिली तरी तो पुस्तक ओढून नेतो. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव बसतो, कारण तो याच वस्तीचा, पद्मशाली समाजाचा उत्सव आहे आणि रथामागे दिसणारी माणसं आपण आधी मागावर पाहिलेली असतात. गड्ड्यातला एखादा फोटो घ्यायचाच झाला तर सुट्टीच्या दिवशी पाळण्यात बसलेल्या मागवाल्याचा घ्यावा. बाजूला काढलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा; ते दुसऱ्या पुस्तकाचे आहेत.

आधी पानं मोजा, मग फोटो

आधी फोटो निवडायचे आणि मग त्यांना पानं पुरवत बसायचं, ही उलटी गंगा फार ठिकाणी वाहते. पुस्तक फर्म्यात छापलं जातं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून, घडी घालून होणारा पानांचा गठ्ठा, आणि तो बहुधा १६ पानांचा असतो. त्यामुळे पानांची संख्या ६४, ८०, ९६, ११२ अशीच ठेवा. १०० पानांचं पुस्तक म्हणजे ६ फर्मे आणि वर ४ पानांचा तुकडा. तो छापण्याचा आणि बांधण्याचा खर्च त्या ४ पानांच्या मानाने फार पडतो.

आकारही कागदावर ठरतो. २३×३६ इंची कागदातून डेमी पाव आकार, कापल्यावर सुमारे ८.५×११ इंच, वाया न जाता निघतो: कागदाच्या एका बाजूला ८ पानं, दोन्ही बाजूंना मिळून १६. चौरस पुस्तक दिसायला छान, पण कापताना किती कागद जाईल ते प्रेसला आधी विचारा.

आता ९६ पानांचा हिशोब. १ ते ७ ही पानं अर्धशीर्षक, शीर्षक, प्रकाशनाची माहिती, अर्पण आणि मधल्या कोऱ्या पानांची. शेवटची ९ पानं, ८८ ते ९६, फोटोंच्या ओळी (कॅप्शन), एखादं टिपण आणि आभार यांची. मधे उरली ८ ते ८७, म्हणजे ८० पानं, म्हणजे ४० जोडपानं. त्यातली २२ जोडपानं एका फोटोची आणि समोर कोरं पान, १४ जोडपानं दोन फोटोंची, ४ जोडपानं दोन्ही पानांवर पसरलेल्या एका फोटोची. एकूण २२ + २८ + ४ = ५४ फोटो.

कोऱ्या पानांचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात आणि घरचे लोक तसं बोलूनही दाखवतात. पण प्रत्येक पान भरलेलं पुस्तक बघणारा पंधराव्या मिनिटाला मिटतो.

‘४’ हा आकडा उगीच आलेला नाही. १६ पानी फर्मा शिवला की त्याच्या बरोबर मधल्या जोडपानाचा कागद अखंड असतो. पहिल्या फर्म्यात ती पानं ८–९, मग २४–२५, ४०–४१, ५६–५७, ७२–७३ आणि ८८–८९. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान कागदाच्या वेगवेगळ्या भागांवर किंवा वेगळ्या कागदांवर छापलं जातं. तिथे पसरलेला फोटो घडीपाशी मिलिमीटरभर वरखाली सरकतो आणि रंगातही फरक पडू शकतो. ताण्याचे सरळ धागे असलेल्या फोटोत तर एवढी सरक लगेच डोळ्यांत खुपते. ८–९ वर सुरुवात आहे आणि ८८–८९ वर शेवटचा मजकूर, म्हणून पसरट फोटोंसाठी उरतात त्या मधल्या ४ जागा. प्रेस ८ पानी फर्मे करणार असेल तर या जागा बदलतात. आधी विचारून घ्या. बांधणी शिलाईची नसून नुसत्या डिंकाची असेल तर पुस्तक सपाट उघडतच नाही आणि प्रत्येक पानाचा घडीकडचा सेंटिमीटरभर भाग बुडतो. त्या बांधणीत पसरट फोटो न घेतलेलेच बरे.

ढीग उपसणं

सगळ्यात आधी फायलींची नावं बदला. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो, आणि दोन कॅमेरे असतील तर एकाच नावाच्या दोन फायली निघतात. तारीख आणि अनुक्रम असं नाव ठेवा: २०२३०८३०_०१४७. कॅमेरा आणि फोन यांची घड्याळं जुळत नसतील तर आधी ती सॉफ्टवेअरमधून दुरुस्त करून घ्या, नाहीतर रात्रपाळीचे फोटो दुपारच्या मधे जाऊन बसतात. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. हे न करता पुढे जाऊ नका.

पहिल्या फेरीत फक्त निरुपयोगी फोटो वगळायचे. फोटो चाळायचं सॉफ्टवेअर डिजिकॅम, डार्कटेबल, लाइटरूम, काहीही चालेल. हो किंवा नाही एवढंच, एका फोटोला दोन-तीन सेकंद. नको तिथे हललेले, फोकस चुकलेले, डोळे मिटलेले जाऊ द्या. मागांच्या शेडमध्ये एक खास दोष सापडतो: ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली वेगवान शटरने काढलेल्या फोटोवर आडवे गडद पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि १/१०० पेक्षा वेगवान शटर त्यातला तुकडाच पकडतो. हे पट्टे नंतर नीट निघत नाहीत. स्क्रीनवर पुसट वाटले तरी छपाईत ते दिसतातच, म्हणून असे फोटो इथेच सोडा. कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढवल्याने आलेल्या दाण्याला मात्र घाबरू नका. १०० टक्के मोठा करून बघितलेला दाणा ८ इंची छपाईत निम्म्याहून कमी जाणवतो. हललेला धोटाही (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) दोष नाही. माग चालू आहे हे त्यानेच कळतं.

३००० चे ८००–९०० झाले की थांबा आणि आठवडाभर त्यांच्याकडे बघू नका. फोटो काढताना झालेले कष्ट, ऊन, मालकाने मोठ्या मिनतवारीने दिलेला प्रवेश, हे सगळं फोटोला चिकटलेलं असतं आणि वाचणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. थोडा काळ गेला की ते आपल्यालाही कमी दिसतं.

दुसऱ्या फेरीत सारखे फोटो शेजारी ठेवा. दारातून घेतलेला शेडचा रुंद फोटो प्रत्येक भेटीत काढलेला असतो. असे चाळीस निघतील. चाळीस एकदम बघून निवड होत नाही. दोन उघडा, एक ठेवा, त्याच्यासमोर तिसरा आणा. जिंकणारा पुढे जातो. पुस्तकात असा फोटो एक लागतो, फार तर दोन. या फेरीअखेर २०० ते २५० उरायला हवेत. खूपच कमी उरले तर विषय अजून पुरता फिरून झालेला नाही. तेव्हा कॅमेरा घेऊन पुन्हा बाहेर पडा. निवडीचं काम अर्धवट असताना काढलेले फोटो बऱ्याचदा नेमके कामाला येतात, कारण काय कमी आहे ते आता माहीत असतं.

जमिनीवर

इथून पुढे स्क्रीन बंद. उरलेल्या सगळ्या फोटोंच्या ४×६ इंची प्रती लॅबमधून काढून आणा. मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबचा उजेड चमकतो आणि बोटांचे ठसे उमटतात. लॅबवाल्याला कडेने पांढरी चौकट ठेवून न कापता छापायला सांगा. फोनचा फोटो ४:३ असतो, त्यामुळे ४×६ मध्ये त्याच्या कडा परस्पर कापल्या जातात. प्रत्येक प्रतीच्या मागे फाइलचं नाव पेन्सिलीने लिहा. स्केचपेन पलीकडे फुटतो.

२०० ते २५० प्रती फटी ठेवून पसरायला साधारण ५ ते ७ चौरस मीटर मोकळी जमीन लागते. पंखा बंद करावा लागतो, म्हणून सोलापुरात हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नये किंवा पहाटे उरकावं. जमिनीवर गडद, नक्षी नसलेलं कापड अंथरा. चादर नको, तिची फुलं आणि मोर फोटोंशी भांडतात.

तीन ढीग करा: नक्की, बघू, नाही. ‘नक्की’ मध्ये ३० पेक्षा जास्त टाकायचे नाहीत. मग ते ३० पसरून काय जास्त झालंय ते बघा. यंत्रमागाच्या विषयात नेहमी दोन गोष्टींचा अतिरेक होतो: हातांचे जवळून घेतलेले फोटो, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात सुरकुतलेला चेहरा. दोन्ही काढायला सोपे आणि लगेच दाद मिळवणारे. ५४ मध्ये नुसते हात तीनदा आले की पुरे. कमी पडतं ते बहुधा हे: काम न करणारी माणसं, रिकाम्या जागा, वस्तू, गल्लीतला सामान्य दिवस. भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, सूत गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली, शेडच्या दाराशी काढलेल्या चपला, जेवणाचा डबा. असा फोटो एकटा बघितला तर ‘नाही’ मध्ये जातो. त्यामुळे ‘नाही’ चा ढीग शेवटपर्यंत जवळ ठेवा, फेकू नका.

जोड्या लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन प्रती शेजारी ठेवा आणि विचारा: या दोघांत मिळून असं काय दिसतं, जे एकट्यात दिसत नव्हतं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर जोडी मोडा. उत्तर फारच चटकन आलं तरी सावध व्हा.

समजा डावीकडे तेंदूपान वळणारे विडीकामगार बाईचे हात आणि उजवीकडे तुटलेला धागा गाठणारे मागवाल्याचे हात. जोडी लगेच कळते आणि कळल्यावर संपते. वाचणारा मान डोलावून पान उलटतो. पूर्व भागात एकाच घरात नवरा मागावर आणि बायको विडीवर असं चित्र फार जुनं आहे, आणि ते नातं दाखवायलाच हवं. फक्त वाट थोडी वाकडी घ्या. डावीकडे मागावर वाकलेली पाठ. उजवीकडे उंबऱ्याशी ठेवलेलं सूप, त्यात तेंदूपानं, कात्री आणि दोऱ्याचं रीळ, माणूस नाही. आता वाचणारा त्या माणसाला शोधतो, आणि पुढच्या जोडपानावर बाई दिसली की तिला ओळखतो. एका अर्थाने ही तीन पानांची जोडी झाली.

जोडी आकारावर जमते, रंगावर जमते, दिशेवर जमते. दिशा सगळ्यात आधी तपासा. डाव्या पानावरचा माणूस डावीकडे बघत असेल तर त्याची नजर पुस्तकाबाहेर जाते आणि उजवं पान पोरकं पडतं. दोन्ही चेहरे आत बघत असतील तर ते एकमेकांशी बोलताहेत असं वाटतं. ते दोघं अनोळखी असतील तर हा आभास खोटा आहे. अशी जोडी टाळलेली बरी. नजर जुळवण्यासाठी फोटो आरशासारखा उलटा कधीच करू नका. मागे तेलुगू किंवा कन्नड पाटी असली की चोरी पकडली जाते, आणि पाटी नसली तरी मागाचा दांडा कुठल्या हाताला असतो हे मागवाल्याला पाठ असतं.

रंगावर जमलेली जोडी लवकर शिळी होते. लाल चादरीसमोर लाल साडी एकदा चालेल. अंतराची जोडी जास्त टिकते: डावीकडे गल्ली लांबून, उजवीकडे त्याच गल्लीतल्या दारावरचं कुलूप हातभर अंतरावरून.

दोन जोरदार फोटो समोरासमोर ठेवू नका. कापडावरची नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या भोकांच्या पट्ट्या छतापासून खाली लोंबताहेत आणि त्यातून माणसाचा अर्धाच चेहरा दिसतोय, असा फोटो असेल तर समोरचं पान कोरं ठेवा. उलट, दोन्ही शांत फोटो असतील तर ते एकमेकांना आधार देतात. दोन फोटो समोरासमोर येतात तेव्हा त्यांचा आकार सारखाच ठेवायची सवय सोडा. डावीकडे छोटा, उजवीकडे पूर्ण पानाचा, याने कुठला आधी बघायचा हे ठरतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो आणि पान उलटताना उजवं पान आधी उघडं पडतं, म्हणून महत्त्वाचा फोटो बहुतेक वेळा उजवीकडे.

जुळलेल्या जोडीच्या दोन्ही प्रती क्लिपमध्ये एकत्र अडकवा. आता हलवायची ती जोडी.

क्रम

मनात पहिला येणारा क्रम म्हणजे सूत, कांडी, बीम, माग, चादर, बाजार. हा क्रम लावला की शाळेतला तक्ता तयार होतो. दुसरा नेहमीचा क्रम म्हणजे सकाळ ते रात्र. दिवसपाळी-रात्रपाळीच्या वस्तीत तो जरा बरा चालतो, पण शेवटी झोपलेला माणूस येणार हे वाचणाऱ्याला दहाव्या पानावरच कळतं.

आपल्या वाक्यातच क्रम दडलेला असतो. ‘माग आणि घर यांच्यात एका भिंतीचं अंतर’ असं असेल तर पुस्तक गल्लीतून शेडमध्ये, शेडमधून भिंतीपलीकडच्या घरात आणि घरातून पुन्हा गल्लीत असं जाऊ शकतं. दुसऱ्यांदा गल्ली दिसते तेव्हा तीच दारं आता कोणाची आहेत हे माहीत असतं. प्रकरणांची नावं देण्याची गरज पडत नाही. कोरं पान तेच काम करतं.

पहिला फोटो सगळ्यात चांगला असण्याची गरज नाही. पुस्तक कसं बघायचं हे त्याने सांगावं: हळू की वेगात, लांबून की जवळून. नवखा माणूस आपले पाच हुकमी फोटो पहिल्या दहा पानांत घालतो आणि पुढे उतरण लागते. ते वाटून टाका. पसरट फोटोंच्या ४ जागा ठरलेल्याच आहेत. त्या खांबांसारख्या धरून दोन खांबांमधली जोडपानं लावत जा. एकाच माणसाचे दोन फोटो असतील तर त्यांच्यात किमान सहा-सात जोडपानांचं अंतर ठेवा, म्हणजे पुन्हा भेट झाल्यासारखं वाटतं. लागोपाठ ठेवले तर ते नुसते दोन पर्याय दिसतात. शेवटच्या पानासाठी पाठमोरा चालत जाणारा माणूस, मावळतीचा सूर्य आणि बंद मिलची धुरकट चिमणी या तिघांना आधीच रजा द्या.

आणखी एक फसवणूक नकळत होते. रथोत्सवाचे फोटो तीन वेगळ्या वर्षांचे असतात आणि ते एकापाठोपाठ लावले की एकच मिरवणूक वाटते. मागच्या फ्लेक्सवरचं साल आणि नेत्यांचे बदललेले चेहरे गाठ सोडून देतात. एका वर्षाचे फोटो एकत्र ठेवा, किंवा ओळीत साल स्पष्ट लिहा.

डमी

क्रम लागला की दोन दिवसांत डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना प्रत, करा. प्रत्येक जोडपान ए४ कागदावर छापा; १७×११ इंचाचं जोडपान ए४ च्या रुंदीत सुमारे ७० टक्के आकाराचं बसतं. छापलेली बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला आणि एका कागदाची पाठ दुसऱ्याच्या पाठीला चिकटवा. ग्लू स्टिक वापरा. पातळ डिंकाने कागद फुगतो. कृष्णधवल लेझर छपाई चालेल, पहिल्या डमीत रंग बघायचा नसतो.

डमी तीन माणसांना दाखवा: फोटोग्राफीतलं काही न कळणारा एक, मागावर काम केलेला एक, आणि खोटं कौतुक न करणारा एक. शेजारी बसून गोष्टी सांगू नका. त्यांचा हात कुठे थांबतो, कुठे दोन पानं एकदम उलटतात, कुठून मागे जातात हे बघा आणि पानांचे आकडे टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन करून कुठले फोटो आठवतात ते विचारा. तिघांनाही न आठवणारी जोडी बहुधा काढता येते. मागावरचा माणूस वेगळ्याच गोष्टी पकडेल: हा माग बंद आहे आणि तुम्ही ‘विणताना’ लिहिलंय, ही चादर नाही, टॉवेल आहे. त्याचं ऐका.

साधारण तिसऱ्या डमीपर्यंत क्रम स्थिरावतो. सातव्यापर्यंतही हलत असेल तर विषयाच्या वाक्यात गडबड आहे.

माणसं आणि ओळी

घरात शिरून काढलेले फोटो छापण्याआधी त्या माणसांना डमी दाखवा आणि लेखी परवानगी घ्या. लहान मूल असेल तर आईवडिलांची. सुपाशेजारी खेळणारं मूल तुम्हाला गोड वाटेल, पण छापलेल्या पानावर ते बालमजुरीचा आरोप होऊन त्या घरावर उलटू शकतं. शंका असेल तर फोटो वगळा, कितीही चांगला असला तरी. कारखान्याच्या आतल्या फोटोंना मालकाची संमती हवी. चादरीवरची कंपनीची चिठ्ठी दिसत असेल तर तेही त्याला दाखवा. मिलच्या काळातला जुना फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर हक्क कोणाचा ते बघा. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून प्रकाशित छायाचित्रावरचा कॉपीराइट साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. कोणाच्या अल्बममधली प्रत हातात आली म्हणून छापण्याचा हक्क येत नाही.

ओळी फोटोखाली नकोत. त्या मागच्या पानांत छोट्या चित्रांसोबत, पानाच्या आकड्यासह द्या. जागा, साल, आणि फोटोत न दिसणारी एखादी गोष्ट, एवढं बास. साल प्रत्येक ओळीत हवंच, कारण शहर बदलतं: सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली, आणि त्याआधीच्या क्षितिजाचा फोटो आता साल लिहिल्याशिवाय चुकीचाच वाटेल. तेलुगू आडनावं मराठीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. त्या माणसाकडूनच लिहून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो आणि प्रेसमध्ये जुन्या फाँटमध्ये बदलला जातो, तेव्हा रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ तुटतात. बदल झाल्यावर ‘सुऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘सूर्य’ असे शब्द शोधून बघा.

रंग आणि फाइल

पूर्ण पानाला ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर २५५०×३३०० पिक्सेल लागतात, जोडपानाला ५१००×३३००. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला कापण्यासाठी बाहेरच्या प्रत्येक बाजूला ३ मिमी, म्हणजे ३५ पिक्सेल जास्त सोडा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ६०००×४००० चा फोटो जोडपानाला पुरतो. फोनचा ४०००×३००० चा फोटो एका पानाला उत्तम, पसरायला कमी. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो, म्हणजे पाच-सव्वापाच इंच. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

शेडमधल्या फोटोंत ट्यूबचा हिरवट आणि दारातला निळसर उजेड मिसळलेला असतो. एकेका फोटोत तो चालून जातो. जोडीत मात्र डावी कातडी हिरवी आणि उजवी केशरी दिसते. म्हणून रंगाची दुरुस्ती जोडीने करा, दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी ठेवून. एखाद्या फोटोचा रंग सावरत नाही म्हणून तेवढाच कृष्णधवल करू नका. पुस्तक एकतर रंगीत, एकतर कृष्णधवल.

चादरीचे भडक निळे आणि केशरी रंग चार रंगांच्या छपाईत मंदावतात, ते गृहीत धरा. स्क्रीन फार उजळ ठेवून काम केलं की छपाई काळवंडते. अंधाऱ्या शेडचे फोटो मुळातच गडद, त्यात १७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) लेपाच्या मॅट आर्ट कागदाऐवजी बिनलेपाचा मॅपलिथो घेतला तर शाई पसरून सावलीतले तपशील बुजतात. पांढऱ्या कापडाचा किंवा आकाशाचा जास्त उजेडाने पांढराफटक झालेला भाग पानाच्या कडेला आला तर फोटो कुठे संपतो तेच कळत नाही; तिथे बारीक राखाडी रेघ किंवा दुसरा फोटो. ठरलेल्या कागदावरच सगळ्यात अवघड आठ फोटोंचं प्रूफ काढून घ्या आणि ते खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा.

पीडीएफ प्रेसला गेल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, अमुक फोटो राहून गेला. एक जोडपान मधे घुसवलं की त्यापुढचे सगळे पसरट फोटो फर्म्याच्या मधल्या जागेवरून दोन पानं सरकतात आणि मागच्या ओळींचे पानांचे आकडे चुकतात. घालायचाच असेल तर त्याच जोडपानावरचा एक काढून त्या जागी घाला, आणि मागच्या पानांतली त्याची ओळ आणि छोटं चित्र त्याच बैठकीत बदला.